क्यूएमूचे इंटरप्ट कंट्रोलर: केव्हीएम आणि टीसीजी दोन्हींवर काही महिने वापरल्यानंतर

ड्रायव्हरच्या चाचण्यांसाठी एकच लिनक्स गेस्ट (आभासी यंत्रात चालणारी प्रणाली) मी गेले काही महिने क्यूएमू या आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन तऱ्हांनी चालवत आहे: सर्व्हरवर केव्हीएमखाली (लिनक्स कर्नलमार्फत प्रोसेसरचे हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन वापरून), आणि जिथे हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन मिळत नाही तिथे निव्वळ टीसीजीवर, म्हणजे गेस्टच्या सूचनांचे सॉफ्टवेअरमध्येच भाषांतर करणाऱ्या क्यूएमूच्या यंत्रणेवर. प्रोसेसरचे मॉडेल, मेमरी आणि डिस्क जुळवून घेणे सोपे आहे. अडते ते इंटरप्ट कंट्रोलरपाशी, म्हणजे उपकरणांचे लक्ष वेधणारे संकेत (इंटरप्ट) प्रोसेसरपर्यंत पोहोचवणाऱ्या चिपपाशी, कारण तो दोन्ही ठिकाणी वेगळ्या कोडमधून उभा राहतो.

एक्स८६ वर केव्हीएम वापरताना 'कर्नल-आयआरक्यूचिप' या पर्यायाला तीन मूल्ये देता येतात. 'ऑन' म्हटले की लोकल एपिक (प्रत्येक प्रोसेसरचा स्वतःचा कंट्रोलर), आयओएपिक (उपकरणांचे इंटरप्ट घेऊन पुढे पाठवणारा) आणि जुना ८२५९ कंट्रोलर हे तिन्ही होस्टच्या, म्हणजे मूळ यंत्राच्या, कर्नलमध्ये राहतात, 'ऑफ' म्हटले की तिन्ही क्यूएमूच्या प्रोसेसमध्ये येतात, आणि 'स्प्लिट'मध्ये फक्त लोकल एपिक कर्नलमध्ये उरतो. टीसीजीत अर्थातच सर्व काही क्यूएमूचेच असते. हा फरक गेस्टपर्यंत पोहोचू नये यासाठी केलेली मांडणी मला फार आवडली. कर्नलमधला आणि क्यूएमूमधला असे दोन्ही आयओएपिक एकाच सामाईक क्लासवर उभे आहेत, त्यांची स्थिती साठवण्याचा साचाही एकच आहे, आणि चिप कर्नलमध्ये असेल तर साठवण्याआधी ती स्थिती कर्नलकडून मागवून घेतली जाते व पुन्हा भरताना कर्नलच्या स्वाधीन केली जाते.

तरीही सारखेपणा पूर्ण नाही. 'ऑन' असताना गेस्टच्या बूट-नोंदींत आयओएपिकची आवृत्ती १७ दिसते, तर 'स्प्लिट' किंवा टीसीजीत ३२. क्यूएमूच्या मॉनिटरवर 'इन्फो पिक' हा आदेश दिला की हेच आकडे हेक्समध्ये ११ आणि २० असे उमटतात. इंटरप्ट घेणाऱ्या पिना दोन्हीकडे २४ च आहेत. मात्र ३२ आवृत्तीत स्वतंत्र ईओआय (इंटरप्ट संपल्याचे कळवणारे) रजिस्टर असते आणि १७ मध्ये नसते, त्यामुळे लेव्हल-ट्रिगर (उपकरण मागे घेईपर्यंत चालू राहणारा) इंटरप्ट हाताळून झाल्याचे कळवण्याचा गेस्टचा मार्गच बदलू शकतो. ही आवृत्ती साठवलेल्या स्थितीत नोंदलेली नसते, हे मला खटकते; एका प्रकारात घेतलेला स्नॅपशॉट दुसऱ्यात उघडताना निदान हा साचा तरी हरकत घेत नाही. यावर उपाय म्हणजे क्यूएमूच्या आयओएपिकची 'व्हर्जन' ही प्रॉपर्टी 'ग्लोबल' पर्यायाने १७ वर बांधून टाकणे. तेवढे केले की दोन्हीकडच्या बूट-नोंदींतील ती ओळ जुळते.

डीफॉल्टवर विसंबू नये, हे मी आग्रहाने सांगेन. २०१९ मध्ये ४.० आवृत्तीत क्यू३५ या एक्स८६ मशीन-मॉडेलसाठी 'स्प्लिट' हे डीफॉल्ट झाले, त्याचा फटका व्हीएफआयओने (होस्टचे खरे उपकरण थेट गेस्टला देणाऱ्या यंत्रणेने) गेस्टला दिलेल्या आणि आयएनटीएक्स हे जुन्या पद्धतीचे पीसीआय इंटरप्ट वापरणाऱ्या उपकरणांना बसला, आणि त्याच वर्षी ४.१ मध्ये पुन्हा 'ऑन' आले. म्हणजे कमांडमध्ये काहीच न लिहिणाऱ्याचे हार्डवेअर निव्वळ अपग्रेडमुळे दोनदा बदलले असते. इंटेल आयओएमयूचे (उपकरणांच्या मेमरी-वापरावर नियंत्रण ठेवणाऱ्या घटकाचे) इंटरप्ट रिमॅपिंग, म्हणजे इंटरप्ट तपासून वळवण्याची सोय, हवे असेल तर 'ऑन' चालत नाही, त्यामुळे तिथे मी 'स्प्लिट' लिहितो, एरवी 'ऑन'. 'ऑफ' मात्र केवळ तुलनेपुरते ठेवावे, कारण प्रोसेसर वाढले की त्याचा वेग सोसवत नाही.

आर्म प्रोसेसरसाठीच्या क्यूएमूच्या 'व्हर्ट' मशीनवर डीफॉल्टवर न विसंबण्याचा हाच नियम 'जीआयसी-व्हर्जन'ला लागू होतो; जीआयसी म्हणजे आर्मचा इंटरप्ट कंट्रोलर. जीआयसी २ मध्ये आठपेक्षा अधिक प्रोसेसर बसत नाहीत, आणि 'होस्ट' असे लिहिल्यास आवृत्ती त्या त्या यंत्रावर ठरते. माझ्या सर्व स्क्रिप्टांत आता तिथे ३ हा आकडाच लिहिलेला असतो.