धर्मपरिषदांचे शब्द आणि साडेपाच हजारांचं ॲप

मागच्या वर्षी आंबिया बहाराची संत्री विकली, तेव्हा त्यातले साडेपाच हजार रुपये मी अनुवादाच्या एका ॲपला भरले. वर्षाची वर्गणी. मामाजी काही बोलले नाहीत, पण तेवढ्या पैशात फवारणीचा पंप आला असता हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आता वर्ष पूर्ण झालंय, तर काय मिळालं ते नीट लिहून ठेवते.

मी मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. रशियन पुण्याला शिकले, लग्न होऊन इकडे आले, आणि गेली नऊ वर्षं घरूनच इंग्रजी-रशियन अनुवाद करते, दोन्ही बाजूंनी. बरंचसं काम ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्च या संस्थेच्या, इतिहासाचं असतं. 2025 मध्ये निकेयाच्या परिषदेला, म्हणजे श्रद्धेचे प्रश्न ठरवायला जमलेल्या बिशपांच्या पहिल्या मोठ्या सभेला, 1700 वर्षं झाली, आणि त्या निमित्तानं एवढ्या पुस्तिका आल्या की एकट्या हातानं उरकेना. म्हणून ॲप. त्याचं नाव लिहीत नाही. तुम्ही कोणतंही घ्या, खाली जे शब्द सांगते ते त्याला आधी घालून बघा आणि मगच पैसे भरा.

पहिल्याच आठवड्यात 1917-18 च्या मॉस्कोच्या परिषदेवरचा रशियन लेख आला. याच परिषदेनं जवळजवळ दोनशे वर्षांनी रशियन मंडळीला पुन्हा पॅट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्मप्रमुख, दिला. चिठ्ठी उचलून तीखोन निवडले गेले. लेखातलं वाक्य साधं होतं: परिषद उस्पेन्स्की कॅथेड्रलमध्ये सुरू झाली. रशियनमध्ये परिषदेला ‘सबोर’ म्हणतात आणि कॅथेड्रललाही, म्हणजे मोठ्या मुख्य चर्चलाही, ‘सबोर’च. ॲपनं इंग्रजीत लिहिलं की कॅथेड्रल कॅथेड्रलमध्ये उघडलं. पुढे सगळ्या लेखभर कॅथेड्रल ठराव करतंय, कॅथेड्रल मतदान करतंय, कॅथेड्रल पॅट्रिआर्क निवडतंय.

हे आपल्याकडच्या माणसाला समजायला अजिबात अवघड नाही. आपल्या घरातली पुढची खोली म्हणजे बैठक, आणि तिथे चार लोक बसून बोलतात तीही बैठक. ‘पाटलांच्या बैठकीत बैठक झाली’ हे वाक्य कोणाला अडत नाही. सबोर हा गोळा होण्याच्या धातूतूनच आलेला शब्द आहे. लोक गोळा होतात तो सबोर, आणि जिथे होतात तोही सबोर. रशियन माणूस दोन खुणांवरून ओळखतो. परिषदेत असेल तर ‘ना सबोर्ये’, इमारतीत असेल तर ‘व सबोर्ये’, शब्दयोगी वेगळा लागतो. आणि मंडळीच्या छापील मजकुरात परिषदेचं पहिलं अक्षर बहुधा मोठं असतं. दोन्ही खुणा त्या वाक्यात होत्या. ॲपनं एकही पाहिली नाही.

उलट बाजूनं, इंग्रजीतून रशियनमध्ये जाताना, त्याची चूक वेगळी आणि जास्त घातक. ‘कौन्सिल ऑफ निकेया’ असं पूर्ण नाव आलं की ते बरोबर सबोर लिहितं. पुढच्या वाक्यात नुसतं ‘कौन्सिल’ आलं की ‘सव्येत’ लिहून मोकळं होतं. सव्येत म्हणजे सल्लागार मंडळ, समिती. सोव्हिएत हा शब्द तोच. 325 साली निकेयात बसलेले बिशप तिसऱ्या ओळीत एखाद्या समितीचे सभासद झालेले असतात. वाचणाऱ्याला वाटावं की परिषद संपली आणि कुठली तरी समिती नेमली. ही चूक डोळ्यांना टोचत नाही, कारण वाक्य व्याकरणानं बरोबर असतं. माझ्या हातून एकदा दोन पानं तशीच गेली, आणि ती दुरुस्त करून पाठवताना मला फार वाईट वाटलं.

श्रद्धेचे मूळ शब्द आले की तर जीव धास्तावतो. निकेयानं ठरवलं की पुत्र, म्हणजे ख्रिस्त, पित्याशी, म्हणजे देवाशी, ‘एकाच तत्त्वाचा’ आहे. जुन्या इंग्रजीत ते ‘ऑफ वन सबस्टन्स’ असं येतं. रशियनमध्ये त्यासाठी एकच घडीव शब्द आहे, ‘येदिनासूश्नी’. ॲपनं ‘व्येश्चिस्त्वो’ घातलं. हा रसायनशास्त्रातला पदार्थ झाला, परीक्षानळीत असतो तो. 451 च्या खाल्किदोनच्या परिषदेच्या व्याख्येत ख्रिस्ताचे दोन स्वभाव, दैवी आणि मानवी, चार क्रियाविशेषणांनी बांधलेले आहेत: मिसळ न होता, बदल न होता, विभागणी न होता, ताटातूट न होता. इंग्रजीत पहिल्याला ‘विदाउट कन्फ्यूजन’ म्हणतात. इथे कन्फ्यूजन म्हणजे दोन गोष्टी एकमेकींत मिसळून जाणं, दुधात पाणी जातं तसं. रशियनमध्ये ‘न्येस्लीत्ना’, एकजीव न होता. ॲपनं ‘पूतनित्सा’ लिहिलं, म्हणजे डोक्यातला गोंधळ. चारही शब्द रशियनमध्ये ‘न्ये’नं सुरू होतात आणि एका दमात म्हणता येतात. त्यांची ती लय मोडली तर व्याख्या मोडली असं मला मनापासून वाटतं. या ओळींसाठी दीड हजार वर्षं माणसं भांडलीत, वेगळी झालीत. त्यात आपण सैल शब्द घालू नये.

किरकोळ चुका पुष्कळ आहेत, त्या झपाट्यानं सांगते. परिषदेचा ‘कॅनन’, म्हणजे तिनं घालून दिलेला नियम, रशियनमध्ये क्रमांकानं सांगताना ‘प्राविला’ होतो, जसं खाल्किदोनचं 28 वं प्राविला. ‘कानोन’ म्हटलं तर उपासनेतलं स्तोत्रही डोळ्यांपुढे येतं. परिषदेच्या इतिवृत्तात एकेका बैठकीला ‘द्येयानिये’ म्हणतात, आणि बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचं नावही त्याच शब्दाचं. ॲप दोन्हींची गल्लत करतं. मतांगीकाराला, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीला, रशियनमध्ये ‘सीम्वल व्येरी’ म्हणतात, त्याचं इंग्रजी करताना ते ‘विश्वासाचं चिन्ह’ असं काहीतरी करून ठेवतं.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, पैसे पाण्यात. तसं नाही. या ॲपमध्ये स्वतःची शब्दसूची भरायची सोय आहे, आणि माझे साडेपाच हजार तिच्यातच वसूल झाले. फक्त ती कशी भरायची हे शिकायला मला तीन महिने लागले.

सुरुवातीला मी सरळ लिहिलं: कौन्सिल म्हणजे सबोर. झालं, जिथे तिथे सबोर. 1948 साली ॲम्स्टरडॅमला स्थापन झालेली ‘वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस’ रशियनमध्ये खरोखरच सव्येत आहे, तीही सबोर झाली. विभक्तीही लागेना. ‘ना सबोर्ये’ हवं तिथे ‘ना सबोर’ असं सोटं रूप ठोकलं जायचं.

त्या दिवसात आमच्या शेजारचे गुरुजी नातवाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घ्यायला आले होते. निवृत्त शिक्षक आहेत, विहारात दर पौर्णिमेला वाचन तेच करतात. मी वैतागलेली पाहून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, “पोरी, भिक्षू बसले तं संगीती, गाववाले बसले तं ग्रामसभा, मेंबर बसले तं मासिक मीटिंग. कोन बसले थे पाय आधी, मंग शबद लिही.” राजगृहाची पहिली संगीती, पाटलीपुत्राची तिसरी, हे आमच्या गावातल्या पोरांनाही पाठ आहे. आणि रशियन लोक या संगीतींनाही सबोरच म्हणतात. हे मी गुरुजींना सांगितलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तो शब्द वहीत लिहून नेला.

त्या रात्री मी सूची पुसून नव्यानं भरली. सुटा शब्द एकही नाही. कोण बसलं त्यासकट पूर्ण नावं: विश्वपरिषद, स्थानिक परिषद, बिशपांची परिषद, 449 ची एफेससची ‘लुटारूंची परिषद’, 2016 ची क्रीटची ‘पवित्र आणि महान परिषद’. शिवाय ‘परिषदेत’, ‘परिषदेचे’, ‘परिषदेनं’ ही रूपं वेगवेगळी. आज सूचीत 640 नोंदी आहेत. आता वीस पानांचा मजकूर तपासायला दोन दिवस पुरतात, आधी पाच लागायचे.

एक नोंद मात्र अजून माझ्या मनासारखी झालेली नाही. माझं माहेर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. सहा मंडळ्या एकत्र येऊन 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात ती स्थापन झाली, आणि तिची सर्वोच्च सभा म्हणजे सिनॉड. तिथे बिशपांबरोबर पाळक आणि साधे सभासदही बसतात. रशियनमध्ये ‘सिनोद’ म्हटलं की वाचकाला आठवतो झार पीटरनं 1721 मध्ये पॅट्रिआर्कच्या जागी नेमलेला सिनोद, नाहीतर आजचं पॅट्रिआर्कच्या हाताखालचं बिशपांचं छोटं कायमचं मंडळ. म्हणजे आपला सिनॉड त्यांच्या सबोरच्या जवळचा. नाव म्हणून सिनोद ठेवावंच लागतं, पण पहिल्या उल्लेखाला मी अर्ध्या ओळीचा खुलासा जोडते. हे काम कुठलंही ॲप करणार नाही, कारण शब्द बरोबर असूनही माणसं चुकीची उभी राहतात.

खेड्यात वापरायचं म्हणाल तर हे ध्यानात घ्या. ॲप इंटरनेटशिवाय चालत नाही. आमच्याकडे स्लॅबवर गेल्याशिवाय रेंज नाही, आणि पावसाळ्यात वीज गेली की टॉवरही बसतो. अर्धवट फाइल मात्र जपून राहते, हे मी चार वेळा अनुभवलंय. तक्रारीला उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, नम्र होतं, पण विभक्तीचा प्रश्न सुटलेला नाही.

फक्त इंग्रजी येणाऱ्या माणसानं हे घेऊन रशियन मजकूर छापायला देऊ नये, हे मी कळवळून सांगते. दोन्ही भाषा येत असतील आणि महिनाभर सूची भरायची तयारी असेल तर जरूर घ्या. मी यंदाही वर्गणी भरली. पण भरायच्या आधी सूची संगणकावर उतरवून घेतली आणि परतवाड्याहून तिची छापील प्रतही काढून आणली, कारण वर्गणी संपली की सूची उघडत नाही, हे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलंय. प्रत गुरुजींनी बघायला मागितली होती. अजून त्यांच्याकडेच आहे, बौद्ध संगीतींच्या नोंदी ते पेन्सिलनं भरताहेत.