बोल्डर की फोर्ट कॉलिन्स : रॉकीच्या पायथ्याशी शिकायला जाताना

दोन विद्यापीठांचे ॲडमिट हातात आले की आधी रँकिंग बघितलं जातं, मग फी. गाव कसं आहे, हे बहुतेकांना तिथे पोहोचल्यावरच कळतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात निघालेल्यांनी मात्र गावाचा विचार आधी करावा. बोल्डर आणि फोर्ट कॉलिन्स ही दोन्ही विद्यापीठांची गावं रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशी आहेत, एकमेकांपासून साधारण ७० किलोमीटरवर. डोंगर एकच, पण बोल्डरने तो राखण्यासाठी स्वतःला आवळून घेतलं आणि फोर्ट कॉलिन्स मैदानाकडे ऐसपैस पसरलं. तुमचं भाडं, रोजचा प्रवास आणि रविवारची सकाळ या एका फरकावर ठरते.

आधी उंचीबद्दल. बोल्डर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६५५ मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे आपला माथा तो त्यांचा पायथा! फोर्ट कॉलिन्स थोडं खाली, साधारण १,५२५ मीटरवर. हवा दोन्हीकडे कोरडी, ऊन प्रखर. पहिले काही दिवस जिना चढतानाही दम लागतो, ओठ फुटतात. पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. कुठेही जा, कुकर सोबत हवाच.

डोंगर किती जवळ

इथे बोल्डर निर्विवाद पुढे आहे. गावाच्या डोक्यावरच फ्लॅटआयर्न्स नावाच्या लालसर, तिरक्या शिळा उभ्या आहेत. हा वाळूचा खडक सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. पुढे रॉकी पर्वतरांग वर उचलली गेली तेव्हा त्याचे आडवे थर असे कलते झाले. त्यांच्या पायथ्याचं शटॉक्वा हे १८९८ पासूनचं ठिकाण कॅम्पसपासून चालत जाण्यासारखं आहे आणि पायवाटा तिथूनच सुरू होतात. दुपारचं लेक्चर संपवून संध्याकाळी डोंगर चढून येता येतो, तोही गाडी नसताना. कॅम्पसच्या इमारतीही याच परिसरातल्या वालुकाश्माच्या, वर लाल कौलं. चार्ल्स क्लॉडर या वास्तुरचनाकाराने इटलीतल्या डोंगरी गावांवरून ही शैली घेतली. ऑक्टोबरच्या उन्हात तो कॅम्पस बघितला की तिथेच राहावंसं वाटतं, आणि या वाटण्याचा निर्णयावर परिणाम होतो हे मान्य करायला हरकत नाही.

फोर्ट कॉलिन्सला डोंगर पश्चिमेला थोडा लांब राहतो. मध्ये टेकड्यांची रांग आणि तिच्यामागे हॉर्सटूथ हा १९४९ मध्ये पुरा झालेला जलाशय. पर्वताच्या पश्चिम उतारावरचं पाणी बोगद्यातून पूर्वेला आणणाऱ्या मोठ्या योजनेचा तो भाग आहे. तिथवर सायकलने जाता येतं, पण शेवटचा चढ मांड्यांची परीक्षा घेतो. गावाच्या उत्तरेकडून वाहणारी कॅश ला पूडर ही नदी मात्र बोल्डरकडे नाही. तिच्या वरच्या प्रवाहाला १९८६ मध्ये राष्ट्रीय संरक्षण मिळालं. पाण्याची ओढ असणाऱ्याला फोर्ट कॉलिन्स जास्त जवळचं वाटेल.

भाडं

बोल्डरचं भाडं समजून घ्यायचं तर १९५९ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी नागरिकांनी मतदान करून नकाशावर एक रेषा आखली, ‘ब्लू लाइन’. तिच्या वर नगरपालिका पाणी देणार नाही, म्हणजे डोंगरावर घरं चढणार नाहीत. १९६७ मध्ये गावाभोवतीची मोकळी जमीन विकत घेण्यासाठी लोकांनी स्वतःवर विक्रीकर लावून घेतला. पुढे इमारतींच्या उंचीवर ५५ फुटांची मर्यादा आली, नव्या घरांच्या वाढीवरही बंधनं आली. लोकांनी ठरवून आपला डोंगर वाचवला, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण वर चढायचं नाही, बाहेर पसरायचं नाही आणि उंच बांधायचं नाही म्हटल्यावर मागणी वाढेल तसं भाडं वाढणारच. खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराचे पैसे दर महिन्याला विद्यार्थीही मोजतो.

म्हणून बोल्डरला शिकणारे कितीतरी जण लुईव्हिल, लाफायेट किंवा लाँगमाँटला राहतात आणि बसने येतात. सीयूच्या, म्हणजे बोल्डरच्या युनिव्हर्सिटी ऑफ कोलोरॅडोच्या विद्यार्थ्यांना प्रादेशिक बससेवेचा पास फीमध्येच मिळतो, त्यामुळे तिकिटाचा वेगळा खर्च नाही. पण बस सुटली की अर्धा तास गेला, हे रोजच्या हिशोबात धरा.

२०२० च्या जनगणनेत बोल्डरची वस्ती सुमारे १ लाख ८ हजार होती आणि फोर्ट कॉलिन्सची १ लाख ७० हजारांच्या जवळ. फोर्ट कॉलिन्सला जागा आहे, म्हणून भाडं तुलनेने हलकं आहे आणि कॅम्पसजवळ राहणं आवाक्यात येतं. गावातल्या बसला तिकीट नाही. मॅक्स ही २०१४ पासूनची जलद बस उत्तर-दक्षिण धावते आणि कॅम्पसला टेकून जाते. शेजारच्या मेसन रस्त्यावरून मालगाड्याही जातात, त्याही भोंगा वाजवत. घर बघताना रुळांपासूनचं अंतर जरूर विचारा, नाहीतर रात्रीची झोप गेली समजा.

एका घरात नात्याबाहेरच्या किती जणांनी राहायचं, यावर पूर्वी दोन्ही गावांत मर्यादा होती. २०२४ च्या राज्याच्या कायद्याने नात्यावर आधारलेली अशी बंधनं काढून टाकली. जुन्या सीनियरने ‘तिघांपेक्षा जास्त चालत नाही’ असं सांगितलं, तर ती माहिती शिळी आहे.

शिक्षण आणि त्यानंतरची नोकरी

बोल्डरचं विद्यापीठ १८७६ चं. एरोस्पेस आणि भौतिकशास्त्र ही त्याची मोठी बलस्थानं. कल्पना चावला यांनी १९८८ मध्ये इथूनच पीएच.डी. केली. एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी १९९५ मध्ये इथल्याच प्रयोगशाळेत रुबिडियमचे अणू इतके थंड केले की ते एकजीव होऊन वागू लागले, आणि त्यासाठी २००१ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. मोजमापशास्त्र, हवामान, अवकाश यांच्या राष्ट्रीय संस्था गावातच आहेत. संशोधन करायचं असेल तर असा शेजार क्वचित मिळतो.

फोर्ट कॉलिन्सची कोलोरॅडो स्टेट १८७० मध्ये शेतकी कॉलेज म्हणून स्थापन झाली आणि मातीशी असलेलं ते नातं अजून टिकून आहे. पशुवैद्यक, शेती, पाणी आणि वातावरणशास्त्र या विषयांत तिचं नाव मोठं आहे. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचे हंगामी अंदाज विल्यम ग्रे यांनी १९८४ मध्ये समुद्रापासून एवढ्या लांब इथेच सुरू केले. जलव्यवस्थापन शिकून महाराष्ट्रात परतायचं असेल, तर मी इथलंच नाव सुचवीन.

नोकरीची एक गोष्ट फार कमी जण आधी सांगतात. बोल्डरच्या आसपास अवकाश क्षेत्रातल्या कंपन्या भरपूर आहेत, पण त्यांतली बरीच कामं संरक्षणाशी जोडलेली असतात आणि तिथे अमेरिकी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड मागतात. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यासाठी ती दारं बहुधा बंदच. केवळ या नोकऱ्यांच्या भरवशावर कर्ज काढून एरोस्पेसच्या मास्टर्सला जाणं मला धोक्याचं वाटतं. बोल्डरला सॉफ्टवेअरवाल्यांना वाव आहे, डेन्व्हरही साधारण ४५ किलोमीटरवर. फोर्ट कॉलिन्सपासून डेन्व्हर १०० किलोमीटर पडतं, पण एचपी, ब्रॉडकॉम यांसारख्या कंपन्यांमुळे चिप डिझाइन करणाऱ्यांना गावातच संधी शोधता येते.

वारा, आग, पूर

हिवाळ्यात पश्चिमेचा वारा रॉकी ओलांडून खाली कोसळतो तेव्हा तापतो आणि सुकतो. बोल्डरला त्याचा तडाखा जास्त बसतो. ३० डिसेंबर २०२१ रोजी अशाच वाऱ्यात भडकलेल्या मार्शल आगीने लुईव्हिल आणि सुपीरियर भागातली हजाराहून जास्त घरं जाळली. सप्टेंबर २०१३ मध्ये बोल्डरवर जवळपास वर्षभराचा पाऊस आठवड्यात पडला. फोर्ट कॉलिन्सने २८ जुलै १९९७ च्या रात्री आलेल्या पुरात पाच माणसं गमावली आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरातली लाखो पुस्तकं भिजली. त्या पुरानंतर तिथल्या हवामान केंद्राने सामान्य लोकांच्या अंगणात पर्जन्यमापक बसवायला सुरुवात केली आणि आता ते जाळं देशभर पसरलं आहे. दोन्ही गावांत ओढ्याकाठचं तळघर स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

आता माझं मत. पीएच.डी.ला पूर्ण फंडिंग असेल आणि विषय भौतिकशास्त्र किंवा अवकाशाचा असेल, तर बोल्डर. मास्टर्स स्वतःच्या कर्जावर असेल, टीए किंवा आरए (शिकवण्यात किंवा संशोधनात मदतनिसाचं पगारी काम) हातात नसेल, तर फोर्ट कॉलिन्स. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही आणि त्या कमाईतून बोल्डरचं भाडं निघणं अवघड आहे. संगणकशास्त्रासारख्या विषयात दोन्हीकडचं शिक्षण चांगलं असताना मी फरकाचे पैसे वाचवीन आणि शटॉक्वाला सुट्टीच्या दिवशी जाईन.

बोल्डर ठरलंच, तर व्हिसाची वाट बघत घराचा शोध लांबवू नका. विद्यार्थ्यांचे भाडेकरार ऑगस्टपासून सुरू होतात आणि कॅम्पसजवळची बरी घरं त्याच्या कितीतरी महिने आधी गेलेली असतात.