प्रयोगातली पीएचडी: पुणे विद्यापीठ की टीआयएफआर?

एमएस्सी होत आली, कंडेन्स्ड मॅटरमध्ये, म्हणजे घन आणि द्रव पदार्थांच्या भौतिकशास्त्रात, प्रयोगच करायचे हेही पक्कं. मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग घ्यावा की कुलाब्याची टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था? बहुतेक जण नाव बघून ठरवतात. मी आधी तापमान बघायला सांगेन, म्हणजे तुमच्या प्रयोगाला पदार्थ किती थंड करावा लागतो ते.

द्रव नायट्रोजन 77 केल्व्हिनला उकळतो, स्वस्त असतो आणि सहज मिळतो. हेलियमचं तसं नाही. तो 4.2 केल्व्हिनला उकळतो, वायू परदेशातून येतो, तो द्रव करणारं यंत्र लागतं, उडालेला वायू परत गोळा करणाऱ्या नळ्या लागतात, शिवाय हे सगळं सांभाळणारी माणसं. टीआयएफआरमध्ये ही व्यवस्था घरचीच. तिच्या जोरावर तिथल्या गटाने अतिशुद्ध बिस्मथचा स्फटिक थंड करत नेला आणि 0.00053 केल्व्हिनच्या खाली तो अतिवाहक होतो, म्हणजे विजेला विरोधच करत नाही, हे दाखवलं. 2017 मध्ये हे काम ‘सायन्स’मध्ये छापून आलं. बिस्मथमध्ये वीज वाहून नेणारे कण फारच थोडे, साधारण लाखभर अणूंमागे एक. रूढ सिद्धांताने तिथे अतिवाहकतेची आशाच ठेवली नव्हती. अशा प्रश्नांची ओढ असेल, तर विद्यापीठाचा विचार करत बसू नका.

पण ओढ पदार्थ घडवण्याची असेल, म्हणजे पातळ थर, ऑक्साइड, नॅनोकण, तर पारडं फिरतं. पुण्याच्या विभागात या कामाची जुनी परंपरा आहे. थंडीतली मोजमापं करायची झाली, तर इंदूरला यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम ही सामायिक प्रयोगशाळा आहे. विद्यापीठवाल्यांसाठीच ती सोय उभी केली. प्रस्ताव पाठवायचा, तारीख मिळाली की सॅम्पल घेऊन जायचं. एक्स-किरणांचा जोरकस झोत हवा असेल तर त्याच शहरात इंडस-2 सिंक्रोट्रॉनही आहे. यात जाच आहेच: सॅम्पल खराब निघालं की पुढच्या तारखेची वाट बघा. म्हणूनच निघण्याआधी सॅम्पल कसून तपासायची सवय लागते. मशीन शेजारच्या खोलीत असलेल्यांना ती उशिरा लागते, असं माझं मत.

गाईडच्या बाबतीत मात्र टीआयएफआर उजवी. तिथे आधी कोर्सवर्क आणि छोटे प्रकल्प होतात, मग गाईड ठरतो. विद्यापीठात बहुधा प्रवेशाबरोबरच गाईड गळ्यात पडतो.

पैशात फरक कमी. 2023 पासून जेआरएफ (सुरुवातीची फेलोशिप) महिना 37,000 रुपये, पुढे एसआरएफ (वरची फेलोशिप) 42,000. टीआयएफआरमध्ये प्रवेशाबरोबर फेलोशिप येते. विद्यापीठात ती स्वतः नेट ही राष्ट्रीय परीक्षा काढून आणावी लागते; जेआरएफ नसेल तर हाल होतात, हे स्पष्टच सांगतो.

दोन्हीकडे अर्ज भरा. आणि होकार देण्याआधी त्या लॅबमधल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कँटीनमध्ये गाठून विचारा: गेल्या वर्षी क्रायोस्टॅट (सॅम्पल थंड ठेवणारं यंत्र) किती महिने बंद होता, आणि दुरुस्त कोणी केला?