गरम पाण्याची पिशवी: आठ महिन्यांचा शेक आणि एक गळके बूच

शेकण्याच्या रबरी पिशवीची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही आणि तिच्यावर काही लिहावे असेही मला कधी वाटले नव्हते. मात्र गेल्या आठवड्यात मानेखाली ठेवलेल्या पिशवीच्या बुचातून पाणी झिरपले आणि उशी, चादर व गादी तिन्ही भिजली. उकळते पाणी भरण्याची सवय मला पहिल्यापासून नव्हती, म्हणून प्रकरण गादी वाळवण्यावर निभावले.

दिवसभर संगणकापुढे बसल्याने माझी मान आणि उजवा खांदा संध्याकाळपर्यंत आखडून जातो. त्यासाठी पिशवी दोन-तृतीयांश भरायची, आतली हवा दाबून काढायची, बूच फिरवायचे आणि टॉवेलात गुंडाळून 15 ते 20 मिनिटे शेकायचे, एवढाच माझा क्रम होता. उष्णतेने त्या भागातील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ताठरलेले स्नायू सैल पडतात, याचा प्रत्यय पहिल्याच आठवड्यात आला. नंतर मात्र हाव सुटली. कंबरेवर रोज तास-दीड तास पिशवी ठेवू लागलो आणि तिसऱ्या महिन्यात तेथील त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटले. वारंवार घेतलेल्या उष्णतेमुळे असे डाग पडतात, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हापासून घड्याळ लावूनच शेकतो. ज्यांच्या पायांना मधुमेहामुळे बधिरता आली आहे, त्यांनी तर पायांना शेक देण्याच्या वाटेला जाऊच नये, कारण भाजले तरी त्यांना ते कळत नाही.

चौथ्या महिन्यापर्यंत सर्व श्रेय मी पिशवीला देत होतो. मग लक्षात आले की शेकताना हातात मोबाईल असला, तर मान खाली वाकलेलीच राहते आणि उठल्यावर दुखणे जिथल्या तिथे असते. डोळे मिटून, मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेत, उच्छ्वास श्वासापेक्षा लांबवला की फरक पडतो. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती किंचित मंदावते आणि त्याबरोबर डोक्यातील कलकलही उतरते. मग पिशवी हवीच कशाला, असे वाटून मी दोन आठवडे ती कपाटात ठेवली आणि नुसता श्वासाचा सराव करून पाहिला. पाचव्या मिनिटाला काहीतरी काम आठवून मी उठत असे. खांद्यावर ते ऊबदार ओझे असले म्हणजे माणूस बसून राहतो, म्हणून पिशवीविषयीचे माझे मत पुन्हा बदलले.

आता बुचाकडे येतो. बुचाखालचा वायसर कडक झाला होता आणि पिशवीची मान दुमडली की रबरावर बारीक भेगा दिसत होत्या. आठ महिन्यांत एवढी झीज कशी, म्हणून पिशवी उजेडात धरली, तेव्हा गळ्याजवळ फुलासारखा ठसा दिसला. मी त्याला इतके दिवस नक्षी समजत होतो. त्या फुलाच्या मध्यभागी निर्मितीचे वर्ष असते आणि बारा पाकळ्या म्हणजे बारा महिने! अशा पिशव्या साधारण दोन वर्षांनी बदलाव्यात असे सांगितले जाते आणि माझी पिशवी मी विकत घेतली त्याच दिवशी तीन वर्षांची होती. वापर असो वा नसो, रबर उष्णतेने, उजेडाने आणि नुसत्या काळानेही वठत जाते.

कंपनीच्या ग्राहक सेवेने आधी बूच जास्त आवळल्याचा ठपका माझ्यावर ठेवला, मग हमी खरेदीच्या तारखेपासून सहा महिनेच असल्याचे सांगितले. फुलाचे छायाचित्र पाठवल्यावर चार दिवस शांतता होती आणि त्यानंतर टपालाने एक वायसर आला. केवळ वायसर! तो बसवला, तेव्हा पाणी बुचाऐवजी भेगेतून येऊ लागले.

नवी पिशवी दुकानातच फूल वाचून घेतली. विक्रेत्याने त्यासाठी तीन खोकी उघडली आणि तिन्ही वेळा माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले. जुन्या पिशवीची लोकरी खोळ नव्या पिशवीला अगदी नेमकी बसली. टपालाने आलेला वायसरही उपयोगी पडेल म्हणून नव्या बुचाला लावून पाहिला, पण तो किंचित मोठा आहे.