नंबर खरा, आकडा खोटा: पीएफच्या चलनात आम्हाला कसं गंडवलं

कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत, कुठेही वीस-पंचवीस कामगारांचं शॉप चालवत असाल आणि पीएफ-ईएसआयसीचं (भविष्य निर्वाह निधी आणि कामगारांचा सरकारी आजारपण विमा) काम बाहेरच्या माणसाकडे दिलं असेल, तर हे वाचा. त्या माणसाचं नाव लिहीत नाही, प्रकरण पोलिसांत आहे. आणि नावापेक्षा त्याची पद्धत कळणं गरजेचं आहे. ती वापरणारा तो एकटाच असेल असं मला तरी वाटत नाही.

आमचं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून देतो. कामगार 27, त्यांत तपासणी-पॅकिंगला पाच बायका. शॉप आमचे हे आणि दीर बघतात, ऑफिस माझ्याकडे. पीएफवाला सासऱ्यांच्या वेळचा. दिवाळीला मिठाईचा पुडा घेऊन येणार, सासऱ्यांच्या पाया पडणार, मला वहिनी म्हणणार. कामही चोख होतं, म्हणजे बरीच वर्षं खरंच चोख होतं. मागच्या नोंदी काढून पाहिल्या तेव्हा तेवढी वर्षं पै न पै भरलेली सापडली.

हिशोब कळावा म्हणून सगळे कामगार एकाच पगाराचे धरते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000, कपातीआधीचा एकूण पगार 18,000. पीएफला कामगाराचे 12 टक्के म्हणजे 1,800. मालकाचेही 1,800, त्यातले 1,250 पेन्शनला आणि 550 पीएफला. वर विम्याचे 75 आणि प्रशासकीय खर्चाचे 75. एका माणसामागे 3,750. ईएसआयसी एकूण पगारावर, कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के, म्हणजे 135 आणि 585, मिळून 720. आमच्या 27 माणसांचा महिन्याचा पीएफ होतो 1,01,250 आणि ईएसआयसी 19,440. दोन्ही पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरायचे.

इथेच त्याने पाचर मारली. 15 तारखेला पीएफचं पोर्टल रडतं हे हा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. एकदा असंच चलन अडकलं तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या बँकेचं पेज उघडंना झालंय. माझ्या खात्यावरनं भरून टाकतो, तुम्ही मला एनईएफटी करा. उशीर झाला तर दंड तुम्हालाच." त्या महिन्याचे त्याने खरंच भरले. पुढच्या महिन्यालाही. मग तीच वहिवाट पडली. महिन्याच्या दहा तारखेला त्याचा एक कागद यायचा: पीएफ एवढा, ईएसआयसी एवढी, व्यवसाय कर एवढा, कामगार कल्याण निधी एवढा, माझी फी एवढी, एकूण एवढे. आम्ही तेवढे त्याच्या चालू खात्यावर पाठवायचो आणि विसाव्या तारखेपर्यंत चलनांच्या पीडीएफ मेलवर यायच्या.

त्या पीडीएफ मी उघडून बघायची. टीआरआरएन नंबर, म्हणजे पोर्टलने चलनाला दिलेला क्रमांक, असायचा, बँकेचा संदर्भ क्रमांक असायचा, भरल्याची तारीख असायची, रक्कम आमच्या पगारपत्रकाशी रुपयाला जुळायची. आमचे सीए कर लेखापरीक्षणात कामगारांच्या वर्गणीची देय तारीख आणि प्रत्यक्ष भरल्याची तारीख लिहितात, तीही याच कागदांवरून लिहिली गेली. सगळं जुळणारच, कारण पगारपत्रकही तो करायचा आणि चलनही.

प्रत्यक्षात चाललं होतं ते असं. तो पोर्टलवर दर महिन्याला 27 ऐवजी फक्त 9 माणसांचा ईसीआर, म्हणजे महिन्याचं पीएफ विवरणपत्र, चढवायचा. त्याचे 33,750 भरायचा. म्हणजे टीआरआरएन अस्सल, बँकेचा क्रमांक अस्सल, तारीख अस्सल. पीडीएफमध्ये फक्त माणसांची संख्या आणि रकमा बदलून आम्हाला पाठवायचा. 67,500 त्याच्या खिशात. ईएसआयसीत तर आणखी चलाखी. तिथे महिन्याच्या नोंदीत प्रत्येकाचे कामाचे दिवस टाकावे लागतात, आणि दिवस शून्य असतील तर कारण निवडता येतं. त्याने उरलेल्या 18 जणांपुढे शून्य दिवस टाकून कारण निवडलं, "रजेवर". माणसं यादीत राहिली, कार्ड चालू दिसलं, वर्गणी मात्र गेली नाही. त्यातले 12,960. दोन्ही मिळून महिन्याला 80 हजारांवर, आणि हे वर्षाहून जास्त चाललं.

ती 9 माणसं कोणती हे बघितल्यावर माझ्या अंगावर काटा आला. आमचा फोरमन, दोन जुने टर्नर, स्टोअरकीपर, तपासणीतली एक ग्रॅज्युएट मुलगी. म्हणजे जे पासबुक उघडून बघतात तेवढेच. राहिलेले हेल्पर, बिहार-ओडिशाची पोरं, नवीन लागलेले ऑपरेटर, पॅकिंगच्या बायका. नवीन माणसाची नोंद करताना मोबाईलच्या रकान्यात त्याने आपल्या ऑफिसातल्या पोरांचे नंबर टाकले होते, म्हणजे कामगाराला मेसेज जायचा प्रश्नच नाही. कोण विचारणार आणि कोण नाही, याची त्याने आमच्याच शॉपमध्ये चहा पीत पीत पारख केली होती.

फुटलं ते काविळीमुळे. आमच्या एका व्हीएमसी (संगणकावर चालणारं मशीन) ऑपरेटरला ईएसआयसीच्या डॉक्टरने महिनाभर विश्रांती लिहून दिली. आजारपणात ईएसआयसी पगाराच्या 70 टक्के देते, वर्षाला 91 दिवसांपर्यंत, पण त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान 78 दिवसांची वर्गणी लागते. पोरगा परत आला तो तोंड पाडूनच. "वहिनी, तिथं म्हणत्यात तुमचा एकबी दिवस भरलेला न्हाई. मी तर एक खाडा केला न्हाई की ओ."

मी पीएफवाल्याला फोन लावला. सर्व्हरचा घोळ आहे, आठ दिवसांत दुरुस्त होईल, म्हणाला. लॉगिन मागितलं तर पासवर्ड बदलायला डिजिटल सही लागते, ती रिन्यूला गेलीय, म्हणाला. नंतर फोनच उचलेना. मग आमच्या फोरमनच्या भाच्याने, जो दुसऱ्या कारखान्यात एचआरला आहे, एक गोष्ट दाखवली जी प्रत्येक मालकाला आणि कामगाराला माहीत हवी. पीएफच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधायची सोय आहे. लॉगिन लागत नाही, कारखान्याचं नाव किंवा कोड टाकायचा. महिन्यावार कधी किती भरले आणि किती माणसांचे भरले हे उघड दिसतं. आमच्या नावापुढे महिन्यामागून महिना 9, 9, 9.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीनंतर मशीन चालूच झाल्या नाहीत. कामगारांच्या पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला 1,800 आणि 135 कापलेले होते. "आमचं कापलं ते गेलं कुठं?" यात चूक काय? मी बँकेचं स्टेटमेंट काढून नोटीस बोर्डावर लावलं, त्याला पाठवलेल्या प्रत्येक एनईएफटीवर खूण करून. ते वाचून ओडिशाचा एक हेल्पर शांतपणे म्हणाला, "मॅडम, आपने उसको दिया. हमको तो नहीं मिला."

कायदाही अक्षरशः हेच म्हणतो. पीएफच्या कार्यालयाला तुमचा पीएफवाला माहीत नसतो, त्यांना आस्थापना आणि मालक माहीत असतो. कामगाराच्या पगारातून कापलेली वर्गणी ही मालकाकडे विश्वासाने सोपवलेली ठेव समजतात. ती भरली गेली नाही तर विश्वासघाताचा गुन्हा, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 405 च्या स्पष्टीकरणात होता, आता भारतीय न्याय संहितेच्या 316 मध्ये आहे. म्हणजे चोरी त्याने केली आणि पहिला आरोपी मी.

पैसे पुन्हा भरावे लागले, दोन्ही हिस्से, 18 माणसांचे. वर वार्षिक 12 टक्के व्याज. शिवाय उशिराची नुकसानभरपाई, जी जून 2024 पासून महिन्याला 1 टक्का आहे. त्याआधी उशीर वाढेल तशी ती वर्षाला 5 पासून 25 टक्क्यांपर्यंत चढायची, त्या मानाने स्वस्तात सुटलो असं एक जण मला समजावत होता. सगळ्यात न कळणारा फटका आयकराचा. आमच्या त्या वर्षांच्या नियमाने कामगाराची वर्गणी ठरल्या तारखेच्या आत भरली नाही तर ती मालकाचं उत्पन्न धरली जायची आणि नंतर भरली तरी खर्च म्हणून वजावट मिळायची नाही. विवरणपत्र भरण्याच्या आधी भरलं की चालतं, असं पूर्वी बरेच जण म्हणायचे. ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दार बंद केलं. आमच्या 18 माणसांचे महिन्याला 32,400, वर्षाचे 3,88,800, त्यावर कर. चोरीला गेलेल्या पैशांवर कर भरलाय आम्ही.

त्याचे जुने कागद उकरताना छोट्या चोऱ्याही निघाल्या. कामगार कल्याण निधी महाराष्ट्रात सहामाही असतो, जून आणि डिसेंबरचा, कामगाराचे 25 आणि मालकाचे 75. हा गडी माणशी 100 दर महिन्याला लावायचा. व्यवसाय कर, ज्याला आपण पीटी म्हणतो, तो 10,000 च्या वर पगार असलेल्या पुरुषाला महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300. पण एप्रिल 2023 पासून महिन्याला 25,000 पर्यंत पगार असलेल्या बाईला पीटी शून्य आहे. आमच्या पाचही बायकांचे 200 तो कापायला लावायचा आणि ते सरकारकडे जायचे नाहीत. एवढ्यातेवढ्यासाठी पॅकिंगवाल्या बायकांच्या ताटातलं ओढायचं, याचा राग मला त्या लाखांपेक्षा जास्त आहे.

आणि सावध राहा, घाव ताजा असताना दुसरा येतो. आमची बातमी पसरल्यावर एक जण बुलेटवरून आला. आत ओळख आहे, नुकसानभरपाई निम्मी करून देतो, रोख लागेल. चहा पाजून वाटेला लावला. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्यात, तेव्हापासून असे बुलेटवाले वाढलेत. नवीन कायद्याचं पॅकेज, पगाराची नवी रचना, असं काहीबाही विकतात. संहितेत मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या खाली गेला तर कमी पडलेला भाग पगारात धरायचा, हे खरं आहे. पण "कागदावर माणसं वीसच्या खाली दाखवतो, पीएफच सुटेल" असं कुणी म्हणालं तर त्याला पायरीवरूनच परत पाठवा. पीएफ एकदा लागला की माणसं वीसच्या खाली गेली म्हणून तो सुटत नाही, हे जुन्या 1952 च्या कायद्यातही होतं.

आमच्याकडे आता काम बाहेरचाच माणूस करतो, फी जास्त घेतो. तो ईसीआर चढवून चलन तयार करतो आणि पैसे आमच्या नेट बँकिंगवरून थेट जातात, त्याच्या खात्याला हातही लागत नाही. पोर्टलवर नोंदलेला मोबाईल आणि ईमेल माझा आहे, डिजिटल सही माझ्या कपाटात. चलन मेलवर घ्यायचं मी बंद केलंय, स्वतः लॉगिन करून उतरवते आणि माणसांची संख्या हजेरीपत्रकाशी ताडून बघते. पोर्टल अडकतं अजूनही, म्हणून 15 ची वाट न बघता दहाच्या आत उरकतो. पीटीचं चलन ग्रासच्या, म्हणजे राज्य सरकारच्या पैसे भरायच्या, संकेतस्थळावर जीआरएन (चलनाचा क्रमांक) टाकून तपासता येतं, तेही करते.

प्रत्येक कामगाराचा यूएएन, म्हणजे त्याचा कायमचा पीएफ क्रमांक, चालू करून त्याचाच मोबाईल जोडला. त्या नंबरवरून 9966044425 ला मिस्ड कॉल दिला की शेवटची भरलेली वर्गणी आणि शिल्लक मेसेजने येते, साधा फोन असला तरी. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी एकदमच मिस्ड कॉल मारले.

पोलिसांत फसवणूक, विश्वासघात आणि बनावट दस्तऐवज अशी तक्रार आहे. तिथे सगळ्यात उपयोगी पडले ते मूळ मेल, जोडलेल्या पीडीएफसकट. छापील कागद घेऊन जाऊ नका, मेल डिलीट करू नका. त्याने परतफेडीचा म्हणून दिलेला एक चेक वटला नाही, त्याची कलम 138 ची केस वेगळी चालू आहे. बाकीच्या पैशांची आशा आमच्या वकिलांना आहे, आमच्या सासऱ्यांना नाही. ऑपरेटरच्या विश्रांतीच्या महिन्याचे 70 टक्के आम्ही आमच्या खिशातून दिले, आणि त्याची मागची वर्गणी भरल्यावर ईएसआयसीत त्याचा दावा पुन्हा लावलाय. त्याच पीएफवाल्याकडे काम दिलेले आणखी दोन कारखाने आमच्या ओळखीत निघाले. एकाने त्या आस्थापनेच्या शोधात आपलं नाव टाकून बघितलं; तिथे 34 च्या जागी 12 दिसले. दुसरा अजून म्हणतोय, आमचा माणूस तसला नाही.