पूर्ण घेराचा ड्रेस रोज वापरून पाहिला: लंडनमधली रेट्रो खरेदी, वर्षभरानंतर

गेलं वर्षभर मी ऑफिसला, बाजारहाटाला आणि जाइव्ह नाचाच्या क्लासला १९५०च्या दशकाच्या धाटणीचे कपडे घालते आहे. पूर्ण घेराचे ड्रेस, आत जाळीचा कॅनकॅन, उंच कमरेची जीन्स, आखूड कार्डिगन, डोक्याला बंडाना. यातले काही कपडे खरोखर त्या काळातले आहेत, बरेचसे आजच्या कंपन्यांनी जुन्या नमुन्यांवरून शिवलेले. फोटोत सगळेच छान दिसतात. धुऊन, इस्त्री करून, ट्यूबच्या (लंडनच्या भुयारी रेल्वेच्या) गर्दीतून नेऊन पुन्हा पुन्हा घातल्यावर कुठला टिकतो ते सांगायला लिहिते आहे.

आधी मत देऊन टाकते. रोजच्या वापराला नवा शिवलेला ड्रेस घ्या, पण ब्रँडच्या आधी कापड आणि शिवण बघा. खरा जुना कपडा घ्यायचा तर कॉटनचा किंवा लोकरीचा. आणि भारतात राहत असाल तर परदेशातून मागवण्याआधी आपल्या टेलरकडे जा.

या पोशाखाचा सगळा जीव घेरात आहे. आपले टेलर ज्याला अंब्रेला कट म्हणतात तोच हा. कंबर ३० इंच आणि स्कर्टची लांबी २७ इंच धरली, तर खालचा घेर जवळपास २०० इंच भरतो, म्हणजे पाच मीटरच्या किंचित वर. एका साडीच्या लांबीएवढं कापड पायांभोवती फिरत असतं. एवढं कापड वापरण्यामागे इतिहास आहे. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून १५ मार्च १९४९ पर्यंत कपड्यांवर रेशन होतं. कुपनं मोजून कापड मिळायचं, स्कर्ट अरुंद असायचे, चुण्या आणि खिशांवरसुद्धा सरकारी मर्यादा होती. ते रेशन चालू असतानाच, १२ फेब्रुवारी १९४७ला, पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर क्रिस्तियाँ दिओरने बारीक कंबर आणि भरघोस घेराचे पोशाख दाखवले. काहींना ती उधळपट्टी वाटली, पण पुढच्या दशकभर बायकांनी तोच आकार उचलून धरला. हे कळल्यापासून घेर धरून जिना उतरताना मला त्या बायकांचा आनंद समजतो.

आता वापराबद्दल. माझ्याकडे जवळपास सारख्याच किमतीचे दोन ड्रेस आहेत. एक जाडसर कॉटन सॅटिनचा, दुसरा एका लोकप्रिय ब्रँडचा पॉलिएस्टर-इलास्टेनचा. पॉलिएस्टरवाला पहिल्या दिवशी जास्त देखणा होता, इस्त्रीही लागत नव्हती. काही महिन्यांत काखेजवळ कापड गोळे धरायला लागलं, कमरेची शिवण ताणली गेली आणि घेराची खालची कड वर-खाली दिसू लागली. हे शेवटचं दुखणं या कपड्यात नेहमीचं आहे. गोल घेरात काही भाग सरळ धाग्यावर येतो आणि काही उरेब, म्हणजे धाग्याला तिरका. उरेब भाग स्वतःच्या वजनाने लोंबतो. म्हणून चांगला कारागीर स्कर्ट किमान एक रात्र टांगून ठेवतो, मग कड सारखी कापून दुमड घालतो. घाईने शिवलेल्या मालात ही रात्र वाचवलेली असते. कॉटनच्या ड्रेसची कड आजही जमिनीपासून सगळीकडे सारख्या उंचीवर आहे. रंग थोडा उतरलाय, त्याला माझी हरकत नाही.

तो कॉटनचा ड्रेस होलोवे रोडच्या ‘विव्हियन ऑफ होलोवे’चा. मानेमागे बांधायचा गळा आणि पूर्ण घेर ही त्यांची ओळखच आहे. खरेदी करताना नंबर विसरून इंचपट्टीने छाती आणि कंबर मोजा, हे मी सगळ्यांना सांगते. १९४०च्या ढंगाचे, क्रेपचे, अंगालगत पडणारे ड्रेस हवे असतील तर ‘द सीमस्ट्रेस ऑफ ब्लूम्सबरी’ आणि ‘हाउस ऑफ फॉक्सी’ बघा. ते नाचापेक्षा ऑफिसला आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला जास्त शोभतात.

कॅनकॅनशिवाय घेर चपटा पडतो, हे खरं. पण रोज तो घालून ट्यूबमध्ये बसता येत नाही, शेजारच्या माणसाच्या मांडीवर जाळी जाते. मी ऑफिसला एकाच थराचा, मऊ जाळीचा घालते आणि फुगीर थरांचा नाचासाठी ठेवते. जाळी पायाला टोचू नये म्हणून आत सुती अस्तर हवंच. धुताना पिळायचा नाही, वाळवताना उलटा टांगायचा, म्हणजे थर फुललेले राहतात.

खऱ्या जुन्या कपड्यांसाठी पोर्टोबेलो रोडला शुक्रवारी जा. शनिवारी पर्यटकांची झुंबड असते. वेस्टवेच्या पुलाखाली शुक्रवारी जुन्या कपड्यांचे स्टॉल लागतात आणि विक्रेत्यांना बोलायला वेळ असतो. ब्रिक लेनजवळ चेशर स्ट्रीटवर २००२मध्ये सुरू झालेलं ‘बियाँड रेट्रो’ आणि कॅम्डेनमध्ये १९८६ पासूनचं ‘रोकिट’ ही मोठी दुकानं आहेत, पण तिथे बराचसा माल १९७०नंतरचा. पन्नासच्या दशकातला कपडा मिळाला तर नशीब. ऑनलाइन शोधताना एक लक्षात ठेवा: ‘एट्सी’ या विक्रीच्या वेबसाइटच्या नियमात २० वर्षं जुनी वस्तू व्हिंटेज ठरते. त्यामुळे नुसता तेवढा शब्द टाकून शोधलं तर २००० सालचे टॉपही समोर येतात. दशक लिहा, कापड लिहा, कंबर इंचात लिहा.

कपडा हातात आला की मी आधी चेन बघते. डाव्या कुशीला धातूची चेन असेल तर कपडा बहुधा साठच्या दशकाआधीचा, नायलॉनची चेन सर्रास झाली ती त्यानंतर. अमेरिकेतून आलेल्या कपड्यात धुण्याच्या सूचनांचं लेबल असेल तर तो बहुतेक १९७२ नंतरचा, कारण तिथे ते लेबल त्या वर्षापासून सक्तीचं झालं. मग आतली शिवण उलटून बघायची. जुन्या कपड्यांत आत बऱ्यापैकी कापड सोडलेलं असतं, म्हणजे कंबर इंचभर वाढवता येते. शेवटी काखेचा भाग उजेडासमोर धरायचा. घामाने कुजलेलं कापड तिथे विरळ दिसतं आणि त्यावर इलाज नाही.

रेयॉन क्रेपचे जुने ड्रेस फार मोहक असतात, पण ओले झाले की आटतात आणि ओलेपणी त्यांचा धागा कमकुवत होतो. लंडनच्या पावसात ते रोज घालणं मला परवडत नाही.

नंबरांचं सांगायचं तर, १९५८च्या अमेरिकी मापतक्त्यात आठ नंबरची छाती ३१ इंच आणि कंबर साडेतेवीस इंच होती. आजच्या आठ नंबरशी त्याचा काही संबंध नाही. जुन्या ड्रेसवर १४ किंवा १६ वाचून कुणी हिरमुसू नये.

पन्नासच्या दशकाचीच दुसरी धाटणी रॉकाबिली, म्हणजे सुरुवातीच्या रॉक अँड रोल संगीताभोवतीचा पेहराव. तिचा रंग थोडा वेगळा. दिओरचा घेर पॅरिसच्या सलोनमधून आला, तर रॉकाबिली अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कष्टकरी पोरांमधून. मेम्फिसमध्ये १९५४ साली एल्विस प्रेस्लीने सन रेकॉर्ड्ससाठी गायला सुरुवात केली. त्याचे भडक शर्ट आणि ढगळ पँटी बील स्ट्रीटवरच्या लॅन्स्की ब्रदर्सच्या दुकानातून यायच्या. म्हणून रॉकाबिलीत गाउनपेक्षा जीन्स, बंडाना आणि वेस्टर्न शर्टला मान. टिचबटणांचा शर्ट हवा असेल तर डेन्व्हरचं ‘रॉकमाउंट’ १९४६ पासून ते बनवतंय. माझ्या नवऱ्याला त्याचा एक घेतला. काजाऐवजी टिचबटण असल्याने ओढाताणीत कापड फाटत नाही, बटण नुसतं उघडतं. घोड्यावरच्या माणसासाठी केलेली सोय लहान मूल कडेवर घेणाऱ्या बापालाही उपयोगी पडते. माझी जीन्स ‘फ्रेडीज ऑफ पाइनवुड’ची, जाड डेनिमची, नाभीच्या वर बसणारी. पहिले काही आठवडे ती कडक होती, आता अंगाची झाली आहे. वाकलं तरी पाठ उघडी पडत नाही, या एका गुणासाठी मी कमी कमरेच्या जीन्सकडे परत जाणार नाही.

हे सगळं एकत्र बघायचं असेल तर सप्टेंबरात इंग्लंडमधल्या चिचेस्टरजवळ गुडवुड रिव्हायव्हल हा जुन्या मोटारींच्या शर्यतींचा मेळा गाठा. तिथलं रेसिंग सर्किट मुळात १९४८ ते १९६६ चालू होतं, म्हणून बहुतेक प्रेक्षक त्याच काळाच्या वेशात येतात. जुन्या कपड्यांचे स्टॉलही असतात. त्यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे हजारो माणसांच्या अंगावर हे कपडे चालता-बसताना कसे पडतात ते दिसतं.

आता भारतातल्यांसाठी. गेल्या सुट्टीत मी मुंबईच्या मंगलदास मार्केटमधून पॉपलिन आणि अस्तराचं कापड घेतलं, कॅनकॅनची जाळी दादरला हिंदमाताला मिळाली, आणि कॉटनचा ड्रेस नमुना म्हणून आमच्या टेलरकाकांसमोर ठेवला. घागऱ्याचा कॅनकॅन आणि ब्लाउजचे टक्स रोज शिवणाऱ्या माणसाला यात अवघड काही नव्हतं. वरचा भाग त्यांनी ब्लाउजसारखा अंगाबरोबर बसवला, तसा बसणारा तयार ड्रेस मला लंडनमध्ये मिळालेला नाही. वांद्र्याच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत घेरदार फ्रॉक पिढ्यान्‌पिढ्या टेलरकडूनच शिवून घेतले गेलेत, तेव्हा ही वाट नवीन नाही.

शिवायला देताना टेलरला चार गोष्टी मात्र आधीच सांगा. पॉपलिन धुऊन, आटवून मगच कापायचं. कमरेच्या शिवणीत आतून पट्टी घालायची, नाहीतर घेराचं वजन तिला खाली ओढतं. बाजूच्या शिवणीत खिसे हवेत, घेरात ते अजिबात दिसत नाहीत. आणि दुमड घालण्याआधी ड्रेस एक रात्र हँगरला टांगून ठेवायचा. टेलरकाका म्हणाले, “ताई, एवढ्यासाठी उद्या परत या.” मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा उरेब भाग दीड इंच खाली उतरला होता. त्यांनी कड सारखी कापली, मग दुमड घातली.