घोटा मोडून परत आलात: नागपुरात थांबायचं की गावी जायचं?

फेब्रुवारीत गुलमर्गला स्की शिकायला गेले होते. चौथ्या दिवशी, अगदी सोप्या उतारावर, उजवी स्की बाहेरच्या बाजूला वळली. अशा वेळी बूट स्कीतून आपोआप सुटायला हवा. तो सुटला नाही आणि घोट्यात काहीतरी तुटल्याचं मला दुखण्याआधी ऐकू आलं. श्रीनगरला एक्स-रे निघाला, अर्धं प्लास्टर बसलं आणि दोन दिवसांनी मी नागपूरच्या विमानतळावर व्हीलचेअरमध्ये होते. तिथून पुढे कुठे जायचं यावर घरात अख्खी संध्याकाळ वाद झाला. लहान बहीण नागपुरात राहते, तिसरा मजला, लिफ्ट आहे. आईबाबा वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या गावी, आणि मी शिकवते ती शाळाही तिकडेच.

शेवटी मी दोन्ही केलं. पहिले तीन आठवडे नागपूर, पुढचे नऊ आठवडे गाव. त्यामुळे दोन्हींचं खरं काय ते सांगू शकते. माझं मत आधीच सांगून टाकते: हाड सरकलेलं नाही हे दुसऱ्या एक्स-रेत दिसेपर्यंत नागपुरात किंवा वर्धा, अमरावती, यवतमाळ अशा ठिकाणी राहा, त्यानंतर गावी जा. मात्र गावच्या घरी कमोडची सोय आणि आठवड्यातून एकदा दवाखान्यात नेणारी गाडी, ही दोन कामं आधी झालेली हवीत. ती होत नसतील तर शहरातच थांबा.

आधी नेमकं काय मोडलंय ते विचारा

स्कीचा बूट कडक प्लास्टिकचा असतो, घोट्याला चहूबाजूंनी धरून ठेवतो. म्हणून स्कीमध्ये हल्ली घोट्यापेक्षा गुडघे जास्त जातात. पण घोटा गेलाच तर तो बहुतेकदा पीळ बसून जातो: लांब स्की पाऊल बाहेर वळवते आणि नडगी पुढे जात राहते. आपल्याकडे बांधावरून पाय घसरून मुरगळतो त्यात पाऊल आत दुमडतं आणि बाहेरचं लिगामेंट ताणलं जातं. हे दोन वेगळे प्रकार आहेत. पीळ बसल्यावर घोट्याच्या थोडं वर, नडगीचं हाड आणि बाहेरचं बारीक हाड यांना बांधून ठेवणारं लिगामेंट फाटू शकतं. साध्या एक्स-रेत ते कधी कधी दिसत नाही, ‘फक्त मुरगळलंय’ म्हणून घरी पाठवलं जातं, आणि बरं व्हायला मात्र साध्या मुरगळण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. पोटरी मधोमध दोन्ही बाजूंनी दाबल्यावर घोट्याच्या वर कळ येत असेल तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा. पायावर वजन देऊन एक्स-रे काढायचा का, हेही विचारा.

एक्स-रे हवाच का, याचा एक साधा नियम कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडला आणि तो आजही जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी उंचवट्याची हाडं असतात त्यांचं टोक किंवा मागची कड, खालचे ६ सेंटिमीटर, दाबल्यावर दुखत असेल, किंवा पडल्यावर लगेच आणि दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढा. पावलाच्या बाहेरच्या कडेवर मधोमध असलेला उंचवटा किंवा आतल्या बाजूला कमानीवरचं हाड दुखत असेल तरीही काढा.

माझं बाहेरचं बारीक हाड घोट्याच्या पातळीवर मोडलं होतं. आतल्या बाजूचं लिगामेंट शाबूत होतं, म्हणून डॉक्टरांच्या भाषेत ते ‘स्थिर’. अशा मोडीला सहसा ऑपरेशन लागत नाही. तुमची मोड अस्थिर असेल, प्लेट-स्क्रू बसले असतील, तर टाके निघेपर्यंत आणि जखम कोरडी होईपर्यंत गावाचा विचारच करू नका. ऑपरेशन ठरत असेल तर ते रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का, हे दाखल होण्याआधी विचारा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

पहिले तीन आठवडे

इथे नागपूर सरळ जिंकतं. पण मला वाटलं होतं त्या कारणाने नाही.

मला वाटायचं, शहरात फिजिओथेरपी मिळते म्हणून तिथे राहायचं. प्रत्यक्षात या दिवसांत घोटा प्लास्टरमध्येच होता, त्यामुळे फिजिओथेरपिस्टकडे करण्यासारखं फार थोडं होतं: पायाची बोटं हलवणं, गुडघा सरळ ठेवून पाय उचलणं, कुबड्या नीट धरणं. कुबडीचं वरचं टोक बगलेपासून दोन-तीन बोटं खाली हवं आणि वजन हाताच्या पंजावर यायला हवं, बगलेत नाही. हे त्यांनी दहा मिनिटांत शिकवलं आणि ते फार उपयोगी पडलं. एका वेळचे ४०० रुपये मी दोनदाच दिले.

नागपूर जिंकलं ते नवव्या रात्री. झोपेतून उठले तर प्लास्टरच्या वर पोटरी कडक झालेली आणि ठणकत होती. पाय असा बांधून ठेवला, त्यात विमानाचा प्रवास झालेला असला की शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. बहिणीने गाडी काढली, वीस मिनिटांत दवाखाना, तासाभरात डॉप्लर, म्हणजे शिरांतलं रक्त वाहतंय का ते पाहणारी सोनोग्राफी. गुठळी नव्हती, प्लास्टर घट्ट झालं होतं, ते त्यांनी उभं कापून सैल केलं. गावाहून हेच रात्री दोन वाजता करायचं तर आधी गाडी असलेल्या माणसाला उठवायचं, मग वर्धा गाठायचं. पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप लागणं, छातीत दुखणं, बोटं निळी किंवा बधिर पडणं, यातलं काहीही झालं तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.

नागपूरचा तोटा एकच, पण तो रोज जाणवतो. बहीण आणि भाऊजी नऊला बाहेर पडत, सातला येत. मधले दहा तास मी आणि ती पॉलिश केलेली फरशी. पोछा मारल्यावर त्या फरशीवर कुबडीचं रबर सरकतं. मी एकदा पडता पडता वाचले, आणि नंतर दुपारी पाणी प्यायलाही उठायला घाबरायचे.

प्लास्टर की काढता येणारा बूट

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी विचारलं: आणखी तीन आठवडे प्लास्टर, की पट्ट्यांचा बूट? स्थिर मोडीसाठी तीन आठवडे पाय बांधणं हे सहा आठवडे बांधण्याइतकंच पुरतं, असं फिनलंडमध्ये झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं आहे. अस्थिर मोडीला हे लागू नाही.

मी बूट घेतला. मार्चअखेर आमच्याकडे ऊन चाळिशीला टेकतं, दुपारी लाइट जाते, कूलर बंद पडतो. प्लास्टरच्या आत घाम आला की खाज सुटते आणि हात आपोआप विणायच्या सुईकडे किंवा झाडूच्या काडीकडे जातो. त्या काडीने आत जखम होते आणि ती दिसतही नाही. बूट काढून पाय धुता येतो, पुसता येतो, घोटा हलवता येतो. पण ज्याच्या मागे घरचं काम लागलेलं आहे, जो ‘पाचच मिनिटं’ म्हणून बूट न घालता गोठ्यात जाणार आहे, त्याने प्लास्टरच घ्यावं. माझे बाबा असते तर मी त्यांना प्लास्टरच घालायला लावलं असतं.

चौथ्या आठवड्यापासून पुढे

आता उलट होतं. घोटा खरा परत मिळतो तो या दिवसांत, आणि त्यासाठी मशीन फारसं लागत नाही. दिवसातून चार वेळा, दहा-दहा मिनिटं, न चुकता व्यायाम लागतो. मला ते गावात जमलं. नागपुरात एकटीने जमलं असतं असं वाटत नाही.

आधी घराची तयारी सांगते, कारण लोक तिथेच अडतात. आमचा संडास परसात, दोन पायऱ्या चढून, उकिडवं बसायचा. मोडलेल्या घोट्याने उकिडवं बसता येत नाही. त्या बसण्यात घोटा जितका वाकतो तितकं वाकणं सगळ्यात शेवटी परत येतं. बाबांनी वर्ध्याहून मधे भोक असलेली लोखंडी कमोड-खुर्ची आणली, १,८०० रुपयांची, आणि पायऱ्यांना बांबूचा कठडा बांधला. झोपायला बाज होती. बाज खोलगट आणि बुटकी, तिच्यातून उठताना सगळा भार दुखऱ्या पायावर येतो. चारी पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या आणि निवार कसून घेतली, मग उठणं सोपं झालं. ओसरी शेणाने सारवलेली आहे. वाळली की कुबडी तिच्यावर पक्की बसते, सारवल्यावर तासभर मात्र तिकडे फिरकायचं नाही.

व्यायामाला सामान घरचंच. सायकलची जुनी ट्यूब बाजेच्या पायाला बांधायची आणि पावलाने ती चारी दिशांना ओढायची. जमिनीवर पंचा पसरून बोटांनी गोळा करायचा. शिक्षिका असल्यामुळे मला सगळ्यात आवडला तो हवेत अंगठ्याने अक्षरं काढण्याचा व्यायाम: ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत, वेलांट्या-मात्रांसकट. दुसरीतली माझी पुतणी समोर बसून ओळखायची, आणि ‘ळ’ नीट आला नाही तर पुन्हा काढायला लावायची. वजन द्यायची परवानगी मिळाल्यावर उंबरठ्यावर चवडे टेकवून टाचा वर-खाली, आणि दात घासताना दुखऱ्या पायावर उभं राहणं, हात चौकटीला. हे उभं राहणं वगळू नका. तोल सांभाळायची घोट्याची सवय मोडलेली असते, आणि ती परत आली नाही की तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो.

फिजिओथेरपिस्ट तरीही हवा. वर्ध्याजवळ सेवाग्राम आणि सावंगी, दोन्हीकडच्या मोठ्या रुग्णालयांत सोय आहे. मी आठवड्यातून एकदा गाडीने सावंगीला जायचे, जाऊन-येऊन अख्खा दिवस जायचा. एसटीने मात्र मी गेले नाही: तिची पहिली पायरीच इतकी उंच की कुबड्यांवर ती चढणं म्हणजे दुसऱ्या पायाची परीक्षा. गाडीची सोय नसेल तर या एका गोष्टीसाठी नागपूर बरं.

गावात एक धोका आहे

मी बाजेवर बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, “बाई, एक डाव चोळून त घे, पंधरा दिसात धावशीन.” आमच्याकडे पाय बसवून देणारे एक आजोबा आहेत. त्यांच्या हातात गुण आहे असं सगळे मानतात, आणि साध्या उसणीत लोकांना बरं वाटलेलं मी पाहिलंय. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरीही मी पाय त्यांच्या हातात दिला नाही आणि तुम्हीही देऊ नका. जुळत आलेलं हाड चोळण्याने सरकू शकतं. बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधलं तर रक्त अडतं, आणि असं बांधल्याने पाय कापायची वेळ आलेली माणसं हाडांच्या डॉक्टरांना पाहावी लागतात. आजोबांना मी एक्स-रे दाखवला, उजेडाकडे धरून. त्यांनी मोड पाहिली आणि “हे माझ्या हातचं नाही” असं स्वतःच काकूंना सांगितलं. त्यानंतर कुणी विषय काढला नाही.

दुसरं म्हणजे खर्रा, तंबाखू-सुपारीचा. पायाला भेटायला येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या हातात पुडी असते, आणि दिवसभर बसून असलेला माणूस सहज एक चिमूट घेतो. तंबाखूतल्या निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो. तुम्ही खाणारे असाल तर निदान हे तीन महिने सोडा. गावी राहून ते सुटणार नसेल, तर मला वाटतं तेवढ्यासाठीसुद्धा शहरात राहावं.

शेतात कधी जायचं

उन्हाळ्यात आमच्या काळ्या जमिनीला भेगा पडतात, पाऊल आत जाईल इतक्या रुंद. त्यात घोटा पुन्हा जायला एक क्षण पुरतो. म्हणून तारीख बघून शेतात जाऊ नका, पाय मोजून जा. भिंतीसमोर उभं राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा, आणि टेकतोय तोवर पाऊल मागे सरकवत जा. अंगठा आणि भिंत यांतलं अंतर पट्टीने मोजा, मग दुसऱ्या पायाचं मोजा. ओसरीच्या जमिनीवर मी खडूने दोन रेघा मारून ठेवल्या होत्या. नवव्या आठवड्यात डावा पाय ११ सेंटिमीटर, उजवा ६. बाराव्या आठवड्यात उजवा साडेनऊवर आला, एका पायावर डोळे मिटून दहा आकडे मोजता येऊ लागले, आणि संध्याकाळी थोडी सूज असली तरी सकाळपर्यंत उतरायची. ती सूज कित्येक महिने राहू शकते, तेवढ्याने घाबरू नका.

पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या पेरणीला मी गेले, नाडीचा घोटापट्टा बांधून, नांगराच्या तासांतून न चालता बैलगाडीच्या चाकोरीतून. बाबांनी तुरीची एक काठी सोलून दिली होती, ती हातात होती.